स्नॅप बंद

वीस वर्षं मी या स्टुडिओत एकच वाक्य
घासून गुळगुळीत केलं:
आधी हात चालवा, माऊस नंतर.
पहिल्या वर्षाच्या पोरांना टी-स्क्वेअर दाखवायचो,
शहापुरातल्या बाळू सुताराकडून करून घेतलेला,
शिसवीचा, कडेला पितळी पट्टी.
पोरांनी तो खिडकीला अडसर म्हणून लावला.

उद्यमबागेकडून येणारा वारा पूर्वी कागद उडवायचा.
आता उडवायला कागदच नाही.
चाळीस पडदे, चाळीस निळसर चेहरे
आणि चाळीस घरं, सगळी एकाच बापाची:
काचेचा कोपरा, पांढरा जिना,
दारात कुठल्याशा बर्फाच्या देशातलं झाड.
हे झाड कुठलं रे?
"लायब्ररीतलं, सर."
फणस नाही का लायब्ररीत?
"डाउनलोड करावं लागेल."
सूर्यसुद्धा परका. गावाचं नाव भरायचं राहिलं
म्हणून खानापूरच्या शाळेवर
दुपारची सावली दुसऱ्याच खंडातली.

हे मी तावातावानं सांगायचो.
माना डोलायच्या, बोटं थांबायची नाहीत.

मग गेल्या दिवाळीनंतर उजवा हात थरथरू लागला.
आधी सही बिघडली. मग खडू.
एकदा फळ्यावर छेद काढताना
भिंत अशी काही उतरली की
मागून कुणीतरी म्हणालं,
भूकंप झाल्यावरचं घर आहे काय सर?
मीही हसलो.
डॉक्टरांनी गोळी दिली, अर्धी सकाळी.

अंबुजा कामकर, तिसरं वर्ष, वडगाव.
तिनं काही विचारलं नाही.
संध्याकाळी खुर्ची ओढली.
"बसा सर. इथं क्लिक करा. आता तिथं."
दोन टिंबं. मधली रेघ मशीननं ओढली,
सरळ, थंड, माझ्या हाताची चौकशीही न करता.
मला राग यायला हवा होता.
मी दुसरी ओढली. तिसरी.
चौथी आपणहून सरकली आणि चिकटली
मला नको होती तिथं.
"ते स्नॅप आहे सर, बंद करा की.
त्याला वाटतंय, सगळ्यांना कोपऱ्यातच जायचंय."

म्हटलं, ही आयती रेघ तुला खुपत नाही?
ती पडद्याकडं बघत म्हणाली,
"आमच्या घरात सहा माग, सर. पॉवरलूम.
वहीवर पट्टी धरली की पट्टीच हलायची.
सरळ रेघ मी पहिल्यांदा इथंच बघितलो.
खरं इथलं घर हलतच नाही.
ते हलणं कुठं भरायचं?"

रकाने शोधले. वाऱ्याचा भार होता,
बर्फाचासुद्धा होता.
मागाचा नव्हता.

मग तिनं घरी प्रत्येक भिंतीपाशी
पाण्याचा पेला ठेवला,
फोनवर पाण्यातली वर्तुळं टिपली:
सहा माग चालू असताना, तीन असताना,
वीज गेल्यावर.
बापाला वाटलं, पोरीवर कुणी करणी केली.
वर्तुळं तिनं नकाशावर चढवली,
कांद्याच्या चकतीसारखी, एकात एक,
आणि घर त्यांच्यापासून सरकवत गेली.
चूल इकडं. झोपायचं तिकडं.
माग वेगळ्या पायावर,
मधे वीतभर फट.
ती फट कुठल्याच लायब्ररीतली नव्हती.
किती वेळा पुसली तिनं, किती वेळा हलवली;
माझ्या काळी एवढं खोडलं असतं
तर कागदाला भोक पडलं असतं.

ज्युरीला हुबळीहून आलेले पाहुणे म्हणाले,
रेंडर जरा फिका आहे.
दहा गुण कापले.
मी भांडलो, आवाज चढवून.
जिना उतरताना कळेना,
नेमका कुणाच्या बाजूनं भांडलो.

कॅन्टीनमध्ये दोन चहा.
माझ्या कपात बारीक वर्तुळं,
कडेकडून आत, आतून कडेकडं.
अंबुजा बोलता बोलता थांबली.
डोळे बारीक करून बघत राहिली.
मोजत असावी.